हिवाळ्यातलं मांजर

मारेट याप्सेनचा जन्म धुण्याच्या खोलीत झाला. घरात गरिबी होती म्हणून नव्हे, जुलै महिना होता म्हणून. पुढच्या घरात हांबुर्गचं एक कुटुंब उतरलेलं, त्यांचे अजून दहा दिवस बाकी होते, आणि कळा सुरू झाल्या म्हणून पाहुण्यांना पलंगावरून उठवायचं हे मारेटच्या आईच्या डोक्यातसुद्धा आलं नसतं. सुईणीने तिला दोनदा दटावलं म्हणतात, "बाई, जरा हळू ओरड, लोक दुपारचे आडवे झालेत." आई हळू ओरडली. मारेटही बेताचंच रडली असणार, कारण पुढच्या त्रेसष्ट वर्षांत तिने आवाज चढवल्याचं बेटावर कुणाला आठवत नाही.

बेटावर घराघरात हीच रीत. ईस्टर आला की मालकाने आपल्या उशा-पांघरुणं, चहाचं भांडं आणि औषधाच्या बाटल्या उचलायच्या आणि मागच्या अंगणातल्या धुण्याच्या खोलीत बिऱ्हाड थाटायचं. पुढचं घर पाहुण्यांचं. ऑक्टोबर सरला, शेवटचा पाहुणा बोटीत बसला, की पुन्हा पुढे. लोक बोलतानाही 'उन्हाळ्यातलं घर' आणि 'हिवाळ्यातलं घर' असं बोलतात, जणू दोन वेगळ्या गल्ल्यांतली दोन घरं. उन्हाळ्यातल्या घरापाशी मोठ्याने हसायचं नाही, पाहुणे न्याहारीला बसले असताना पुढच्या अंगणातून जायचं नाही, आपले कपडे त्यांच्या दोरीवर वाळत घालायचे नाहीत. नवरा-बायकोची भांडणंसुद्धा नोव्हेंबरपर्यंत राखून ठेवायची. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात बेटावर फेरफटका मारलात तर घराघरांतून सात महिन्यांचं साठलेलं बाहेर पडताना ऐकू येतं.

मारेट एका धुण्याच्या खोलीतून उठली आणि लग्न करून दुसऱ्या धुण्याच्या खोलीत आली. नवरा नामेन बोटीवर कामाला होता, मोजकं बोलणारा, हाताने कुशल. मूलबाळ झालं नाही. या खोलीत एक पलंग, एक शेगडी, एक टेबल आणि अंगणात उघडणारी एक खिडकी एवढाच संसार. उठून तीन पावलं टाकली की भिंत. लग्नाच्या पहिल्या उन्हाळ्यात मारेट त्या भिंतीशी उभी राहून म्हणाली होती, "इथे दोन माणसांना एका वेळी वळता येत नाही." नामेन म्हणाला, "आळीपाळीने वळू." तसेच ते वळत राहिले.

बारा वर्षांपूर्वी पाहुणे कमी व्हायला लागले. लोकांना आता घरातच पोहायचा तलाव हवा होता, वाफेची खोली हवी होती. आपणच धुण्याच्या खोलीत राहणाऱ्यांनी ते कुठून आणायचं? तेव्हा बेटाच्या पर्यटन कचेरीने एक वाट सुचवली. दमा असलेल्या, अ‍ॅलर्जी असलेल्या माणसांसाठी वेगळी घरं ठेवा, समुद्राची हवा तर आपल्याकडे आहेच. नामेनने गालिचे उपटले, जाड पडदे उतरवले. पिसांच्या उशा आणि दुलया गेल्या, गाद्यांना खास खोळी आल्या. आणि सगळ्यांत वरची अट, घरात प्राणी नको. कुत्रा नाही, मांजर नाही, पिंजऱ्यातला पोपटसुद्धा नाही. यांच्याकडे प्राणी कधी नव्हताच, त्यामुळे तीच अट सगळ्यांत सोपी वाटली. दाराशेजारी हिरवी पाटी लागली, 'प्राणीमुक्त घर'.

आणि माणसं आली. कशी आली म्हणता, पोळलेली आली. या लोकांना सुट्टीचं घर शोधणं म्हणजे एक परीक्षाच असते. फोनवर मालक शपथेवर सांगतो की आमच्याकडे कुत्रा-मांजर काही नाही, आणि तिथे पोचावं तर कोचाखाली केसांचा गोळा. विचारायला जावं तर उत्तर मिळतं, "ते होय, मागच्या आठवड्यातल्या पाहुण्यांचा कुत्रा होता, पण फार गुणी होता हो." जणू गुणी कुत्र्याचे केस नाकात जात नाहीत.

सात वर्षांपूर्वी कासेलहून डोलिंगबाई आल्या, एकट्या, चार वर्षांच्या फ्रीडेरिकेला घेऊन. घरचं नाव रिके. पोरगी तीन उशांना टेकून बसल्या बसल्या झोपायची. आडवी केली की छाती वाजायची. तिसऱ्या दिवशी सकाळी डोलिंगबाई अनवाणी मागच्या अंगणात आल्या. "आडवी झोपली," त्या म्हणाल्या. "सपाट. पालथी. सगळ्यांच्या पोरांसारखी." आणि त्यांनी मारेटच्या गळ्यात पडून रडायला सुरुवात केली. मारेटला पाहुण्याने मिठी मारायची ही पहिलीच वेळ. आपले हात कुठे ठेवावेत हेसुद्धा तिला कळेना.

तेव्हापासून दर जुलैत तीन आठवडे. रिके तिला मारेट मावशी म्हणायची. मागच्या पायरीवर बसून दोघी कोळंबी सोलायच्या. रिके चार सोलायची आणि तीन खायची. मारेट वर्षभर कशाची वाट बघत असेल तर या तीन आठवड्यांची, हे तिने कुणाला कधी सांगितलं नाही. सांगण्यासारखं माणूस नामेन होता, तो दोन वर्षांपूर्वी सप्टेंबरात गेला. त्याच मागच्या खोलीत, फारसा आवाज न करता. गुरुवारी त्याला पोचवलं आणि शनिवारी मारेटने पुढच्या घरातल्या चादरी बदलल्या, कारण शनिवारी पाहुणे बदलतात. जुन्या पाहुण्यांनी जाताना तिला सांगितलं की तुम्ही या खेपेला फार शांत होतात.

गेल्या नोव्हेंबरात मांजर आलं. गल्लीच्या टोकाची क्रेसेन म्हातारी पलीकडे मुख्य भूमीवरच्या वृद्धाश्रमात गेली आणि तिचं मांजर मागे राहिलं. करडं, जाड मानेचं, एक कान फाटलेलं, स्वभावाने तुसडं. आठवडाभर मारेटने त्याला हाकललं. मग पागोळ्या गोठल्या आणि तिने दार उघडलं. डिसेंबरात ते शेगडीपाशी होतं, नाताळात जिन्यावर, आणि नव्या वर्षात वरच्या खोलीत, खिडकीजवळच्या पलंगावर, नामेनच्या बाजूला. मारेट त्याच्याशी बोलायला लागली. आधी कुजबुजत, मग चांगलं खणखणीत. दिवसभराचं सगळं सांगायची. मांजर ऐकून घ्यायचं आणि मधेच उठून जायचं, नामेनसारखंच.

नामेनचा धाकटा भाऊ ब्रार, जो ट्रॅक्टरला गाडी जोडून पाहुण्यांचं सामान धक्क्यावरून ने-आण करतो, तो जानेवारीत चहाला आला आणि मांजर बघून हसला.

"या बाबाला दारावरची पाटी वाचून दाखवलीस का?"

"हिवाळा आहे," मारेट म्हणाली.

"हिवाळा आहे, ते खरं," ब्रार म्हणाला आणि दुसरा कप पुढे केला. दोघांच्या दृष्टीने विषय तिथे संपला.

मार्चमध्ये तिने दोन आठवडे घर घासलं. भिंती पुसल्या, खोळी उकळल्या, गाद्या उन्हात टाकल्या. कचेरीचा दर वर्षीचा कागद आला, त्यात दर वर्षीचाच प्रश्न होता: गेल्या बारा महिन्यांत या घरात प्राणी राहिला आहे का? मारेटने 'नाही'वर खूण केली. मनात पाल चुकचुकलीसुद्धा नाही. कागदातलं घर म्हणजे उन्हाळ्यातलं घर. तिथे प्राणी कधी राहिला नव्हता, ही तर खरी गोष्ट. घरात पलंग किती विचारलं तर बेटावरचं कुणी धुण्याच्या खोलीतला पलंग मोजत नाही, आणि हिवाळ्यात पुढच्या घरात कोण राहतं हे कचेरीने आजवर कधी विचारलं नाही. बेटावरच्या कुठल्याही बाईने तीच खूण केली असती.

ईस्टरला ती आणि मांजर दोघं मागे आली. मे-जूनचे पाहुणे परागकणांनी शिंकणारे होते. ते येऊन हवा खाऊन खूश होऊन गेले. मग जुलैचा पहिला शनिवार उजाडला, ब्रारची गाडी फाटकाशी थांबली आणि रिके उडी मारून धावत आली. अकरा वर्षांची झाली होती, सगळी हाडं आणि गुडघे. तिने मारेटच्या एप्रनमध्ये तोंड खुपसलं. "मावशी, तुझा वास तोच आहे," ती म्हणाली आणि शिंकली.

बोटीवर वारा लागला असेल, डोलिंगबाई म्हणाल्या. सोमवारी खोकला सुरू झाला. मंगळवारी डोळे लाल, गालांवर पुरळ, आणि दिवसातून चार-पाचदा दम्याचा पंप. डोलिंगबाई शास्त्रज्ञासारख्या मागे लागल्या. धुण्याचा साबण बदलला का? नाही. गवत कधी कापलं? परवा. मग गवताचा ढीग हलवला. न्हाणीघरात बुरशी शोधली, सापडली नाही. मारेट त्यांच्या मागे मागे फिरत होती आणि खरोखरच काळजीत होती. तिलाही काही सुचत नव्हतं.

सुचलं ते बुधवारी, रिकेच्या पलंगाची चादर बदलताना. पलंगामागून खोली तापवायचा पाइप गेला आहे, भिंत आणि पाइप यांच्यामध्ये दोन बोटांची फट. त्या फटीत करड्या केसांचा एक पुंजका होता.

मारेट पलंगाच्या कडेवर बसली. आपण पाहुण्यांच्या पलंगावर बसलो हे तिला नंतर आठवलं. भिंती त्याच होत्या, छप्पर तेच, गादी तीच. हिवाळ्यातलं घर कुठे गेलेलं नव्हतं. ते इथेच होतं, या फटीत, गादीच्या शिवणीत, फळीच्या सांध्यात, आणि तीन आठवड्यांसाठी ते तिने एका दमेकरी पोरीच्या नाकाशी आणून ठेवलं होतं.

पुंजका तिने खिशात घातला, फट तीनदा पुसली आणि खाली गेली. पायरीवर रिके बसलेली. "मावशी, कोळंबी आणली?" म्हणत ती उठली आणि नेहमीसारखी बिलगायला आली. मारेट दोन पावलं मागे सरली. आपल्या अंगावर, आपल्या बाहीवर, आपल्या केसांत काय आहे हे तिला आत्ता कळत होतं. सकाळी पावांची पिशवी घेऊन घरात जाणारी तीच होती.

"रागावलीस माझ्यावर?" रिकेने विचारलं.

"नाही गं. सर्दी झालीय मला. तुला लागेल."

पोरीने मान हलवली आणि खोकली.

त्यानंतर मागच्या खोलीचं दार बंद झालं, खिडकी बंद झाली, पडदा ओढला गेला. जुलैच्या उकाड्यात मारेट आणि मांजर त्या तीन पावलांच्या खोलीत कोंडून राहिली. मांजराला सोडावं तर ते नीट जिना चढून आपल्या खिडकीत जाऊन बसेल. ते दाराशी बसून नखांनी लाकूड ओरबाडायचं, आणि मारेट प्रत्येक ओरबाड्याला जीव मुठीत धरायची. बाहेर जायचं तर एप्रन बदल, कोपरापर्यंत हात धू, केसांना फडकं बांध. पलीकडे भिंतीतून खोकला ऐकू यायचा. आधी कोरडा, मग शिट्टीसारखा, मग पंपाचे दोन आवाज, मग शांतता. शांतता सगळ्यांत वाईट, कारण त्या शांततेत मारेटही श्वास धरून बसायची. इतकी वर्षं तिने या खोलीला कधी तुरुंग म्हटलं नव्हतं. आता म्हणावंसं वाटलं, पण कडी तिने स्वतःच आतून घातली होती.

त्याच बुधवारी दुपारी डॉक्टर आली. हिल्के लोरेन्सन, बेटावरचीच. दोन वेण्या घालून शाळेत जाताना मारेटने तिला पाहिलेलं. तिने रिकेची छाती तपासली आणि पुढच्या खोलीत, डोलिंगबाईंसमोर, मारेटला विचारलं.

"मारेट, विचारायचं म्हणून विचारते. घरात प्राणी? आत्ता, आधी, केव्हाही?"

कोचावर रिके पुढे वाकून दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून बसली होती. मारेटच्या खिशात तो पुंजका होता.

"नाही," मारेट म्हणाली.

हा 'नाही' कागदावरच्या 'नाही'सारखा नव्हता. हा तोंडातून निघताना तिला त्याची चव लागली. हिल्केने तिच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि गोळ्या लिहून दिल्या.

"या स्टेरॉइडच्या गोळ्यांनी तिचा चेहरा सुजतो," डॉक्टर गेल्यावर डोलिंगबाई म्हणाल्या. त्या ओसरीच्या बाकावर बसल्या होत्या आणि मारेट हातभर लांब उभी होती. "गेल्या हिवाळ्यात शाळेत पोरं तिला भोपळा म्हणायची. आणि तुम्हाला सांगितलं नाही मी, दक्षिणेकडच्या डोंगरात एक क्लिनिक आहे. तिथेच राहायचं, तिथेच शाळा. एक वर्ष. सप्टेंबरपासून जागा धरून ठेवलीय त्यांनी. मी आजवर नाहीच म्हणत आले. का, तर इथे तिला श्वास घेता येतो ना. म्हणजे पोरगी बरी आहे, खोट कासेलच्या हवेत आहे, असं मी धरून चालले होते."

"आणि आता?"

"आता तुमच्या घरातसुद्धा तिला दम लागतो, मारेटबाई. तुमच्या घरात. मग मी तिला जगात कुठे नेऊ? शुक्रवारी त्यांना फोन करून हो म्हणून टाकते." त्यांनी डोळे पुसले. "लोक किती खोटं बोलतात हो या बाबतीत. तुम्ही एक आहात म्हणून निदान ती शंका तरी नाही."

मारेटला तिथल्या तिथे जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. ती म्हणाली, "चहा करू का?"

संध्याकाळी ती ब्रारच्या गोठ्यावर गेली आणि त्याला सगळं सांगितलं. ब्रार चाकाला वंगण घालत होता, त्याने हात थांबवला नाही.

"मांजर दे माझ्याकडे. उद्याच्या बोटीने पलीकडे नेऊन सोडतो. तू दोन आठवडे तोंड मिटून बस. शनिवारी पाहुणे बदलले की संपलं."

"आणि पोरगी?"

"पोरगी त्यांची आहे, मारेट."

"तिला वर्षभर कोंडून ठेवतील. माझ्या मांजरापायी."

"आणि तू सांगितलंस तर तुला काय ठेवतील? पाटी काढून नेतील. तुझे सगळे पाहुणे नाकाने गांजलेले, एकाने दुसऱ्याला सांगितलं की पुढच्या वर्षी घर रिकामं. मग काय करणारेस, पोहायचा तलाव खणणारेस?" त्याने फडक्याला हात पुसले. "आपण पाहुण्यांना घरातलं सांगत नसतो. तुझ्या सासूने नाही सांगितलं, माझ्या आजीने नाही सांगितलं. नामेन गेला तेव्हा तू सांगितलंस?"

 तो बोलत होता त्यातलं एक अक्षर खोटं नव्हतं, म्हणूनच तिला त्याचा राग आला. ती परत आली आणि पुन्हा आतून कडी घातली.

गुरुवारी दुपारी डोलिंगबाई समुद्रावर पाय मोकळे करायला गेल्या. रिके विश्रांती घ्यायची म्हणून घरात. मारेट मागच्या पायरीवर बसून कोळंबी सोलत होती, पाठीमागे दार घट्ट लावलेलं. अंगणात चपलांचा आवाज आला आणि रिके पाच-सहा पावलांवर येऊन थांबली. डोळे लाल आणि सुजलेले होते.

"मी इथेच उभी राहते," ती म्हणाली. "तुझ्या खोलीत मांजर आहे ना?"

मारेटच्या हातातली कोळंबी भांड्यात पडली.

"मंगळवारी पाहिलं मी. खिडकीत बसलं होतं, पडदा नव्हता तेव्हा. एक कान असा आहे." तिने आपला कान दुमडून दाखवला.

"आईला सांगितलंस?"

"नाही."

"का गं?"

"सांगितलं तर आई परत इथे येऊच देणार नाही. मग तू पण नाही आणि समुद्र पण नाही." ती दर दोन शब्दांनंतर थांबून श्वास घेत होती, पण आवाज अगदी शहाण्या माणसाचा होता. सगळा विचार करून आली होती. "गोळ्यांचं काय, मला सवय आहे. आणि क्लिनिक एक वर्षच तर आहे. त्यांच्याकडे घोडे आहेत, म्हणजे लांब, दुसऱ्या इमारतीत. तू डॉक्टरांना नाही म्हणालीस ना, मग मी पण नाही म्हणणार. आपण दोघी गप्प बसू."

 अकरा वर्षांची मुलगी मारेटला सांभाळून घेत होती. आपल्याला कोंडणार हे पोरीला कळत होतं आणि ती ते गुपचूप, कुणाला त्रास होणार नाही असं, पार पाडायला निघाली होती. ही विद्या तिला कासेलने शिकवली नव्हती. ती या अंगणातली होती. मारेटला आपल्या आईची आठवण आली, आणि स्वतःची, आणि तिला इतकी लाज वाटली की कोळंबीच्या खाऱ्या पाण्याने ओल्या झालेल्या हातांनीच तिने तोंड झाकलं.

"तू घरात जाऊ नकोस," ती म्हणाली. "फाटकाबाहेर बाकावर बस, वाऱ्यात. पंप आहे ना जवळ? बस तिथे. मी तुझ्या आईला गाठते."

"मावशी, नको ना."

"बस म्हटलं ना."

समुद्राच्या वाटेवर, भर पाहुण्यांत, मारेट एप्रन घालूनच चालत गेली. डोलिंगबाई चपला हातात घेऊन येत होत्या. मारेटने चार हात लांब थांबून सांगितलं. मांजराचं, कचेरीच्या कागदाचं, पाइपचं, खिशातल्या पुंजक्याचं. लोक बाजूने जात होते.

"हिवाळ्यात?" डोलिंगबाईंना आधी समजलंच नाही. "पण हिवाळ्यात तर घर बंद असतं."

"नाही. मी राहते."

"तुम्ही मागे राहता ना?"

"उन्हाळ्यात. घर माझं आहे, डोलिंगबाई. हिवाळ्यात मी वरच्या खोलीत झोपते. खिडकीजवळ."

"तिच्या पलंगावर."

"हो."

डोलिंगबाईंनी चपला वाळूत टाकल्या आणि पाय घातले.  "कागदाचं मी समजून घेईन कदाचित," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडची रीत असेल, मला काय कळतंय. पण काल डॉक्टरांनी विचारलं तेव्हा ती कोचावर बसली होती. तुमच्या डोळ्यांसमोर. तेव्हा तुम्ही नाही म्हणालात. त्यानंतर मी तिला गोळ्या दिल्या, दोनदा."

"हो," मारेट म्हणाली. 

बोट भरतीबरोबर सुटते. त्या दिवशी पाच वाजता होती. डोलिंगबाईंनी तासाभरात सामान बांधलं. मधे त्यांनी हिल्केला फोन लावला, मग क्लिनिकला, आणि उघड्या खिडकीतून मारेटला ऐकू आलं, "नाही, नकोय जागा. कारण सापडलं." ते वाक्य ऐकून मारेटला जे वाटलं त्याला सुटका म्हणता आलं असतं, पण सुटल्यासारखं तिला वाटलं नाही. तिने नामेनच्या पेटीतून स्क्रू काढायचा दांडा आणला आणि हिरवी पाटी स्वतःच उतरवली. पाटीखालची भिंत बारा वर्षं ऊन न लागल्यामुळे पांढरीफटक होती.

ब्रार गाडी घेऊन आला. त्याने पाटी पाहिली, मारेटकडे पाहिलं आणि पेट्या चढवायला लागला. डोलिंगबाई रिकेचा हात धरून फाटकाशी आल्या. मोकळ्या वाऱ्यात बसून पोरीच्या छातीतली शिट्टी कमी झाली होती.

"लांबूनच," डोलिंगबाई म्हणाल्या. "त्यांच्या अंगाला लागू नकोस."

रिके फाटकाच्या बाहेर आणि मारेट आत, अशा दोघी उभ्या राहिल्या. रडून रडून रिकेचे डोळे आणखीच सुजले होते. रिकेने विचारलं, "त्याचं नाव काय आहे?"

"कुणाचं?"

"मांजराचं."

"नाव नाही दिलं."

"नोव्हेंबरपासून? इतके महिने नुसतं मांजर? का?"

मारेट उत्तर द्यायला गेली आणि थांबली. खरंच का? क्रेसेनला फोन करून आधीचं नाव विचारता आलं असतं. हिवाळाभर ती त्याच्याशी तासन्‌तास बोलली, दर वेळी "अरे", "बाबा", "तू" म्हणत. एकदाही हाक मारली नाही. आणि आत्ता, फाटकावर हात ठेवून, तिला ते कळलं.

"नाव दिलं असतं," ती म्हणाली, "तर ते या घरात राहतं असं झालं असतं."

डोलिंगबाई गाडीकडे निघाल्या होत्या, त्या वळल्या. "म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात आता राग नव्हता, नुसता थकवा होता. "कागदावर खूण करतानासुद्धा."

"असणार," मारेट म्हणाली. "आत कुठेतरी ठाऊक असणार."

ब्रारने ट्रॅक्टर सुरू केला. रिके पेट्यांवर मागे तोंड करून बसली आणि गल्लीच्या वळणापर्यंत हात हलवत राहिली. मारेटनेही हात वर केला. मग उन्हात आपल्या बाहीवरचे करडे केस तिला दिसले, आणि तिने हात खाली घेतला.